गाडीचं गार्ड पुढे हवं की खाली?

मोटारसायकलवर असताना मागून एखादी मोठी गाडी जवळ येते, तेव्हा आरशात आधी तिचं गार्ड दिसतं. जाड नळ्या, काळा रंग, वर दोन जादा दिवे. मागच्या काचेवर जातीचं नाव किंवा कुठलं तरी पद लिहिलेलं असतंच. आपल्याकडे 'गाडीला संरक्षण' म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतं. हे संरक्षण नेमकं कुणापासून कुणाचं, असा प्रश्न मी गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच जणांना विचारला. कारण तेव्हा आमच्या संस्थेच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपला मी संरक्षण करून घेत होते, आणि समोर गार्ड लावायला ठाम नकार देत होते.

मी मेळघाटात काम करते. धारणी-चिखलदऱ्याच्या डांबरी रस्त्यावर कुठलीही गाडी चालते. आतल्या गावांचं तसं नाही. पावसाळ्यात नाले ओलांडावे लागतात, आणि पाण्याखालचा दगड दिसत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी अशाच एका दगडाने जीपचं चेंबर फोडलं. चेंबर म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी. ऑइल वाहून गेलं की इंजिन चालवता येत नाही, काही मिनिटांत जाम होतं. गाडीत आठव्या महिन्यातली बाई होती. गावातल्या चौघांनी तिला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. आई आणि बाळ आज ठीक आहेत, पण त्या खाटेमागून चालताना मला एकच दिसत होतं: एका पातळ पत्र्यावर किती काय अवलंबून आहे!

नव्या गाड्यांना तयार प्लेटा मिळतात. आमच्या मॉडेलला मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या असत्या तरी परवडल्या नसत्या. म्हणून परतवाड्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्या भाऊंकडे गेलो. खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉल्या बनवणारा माणूस. त्यांनी आधी लोखंडाला हातच लावला नाही. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, आम्ही दोघं गाडीखाली शिरलो आणि पुठ्ठ्याचा फर्मा कापला. कुठे बोल्ट, कुठे ऑइल काढायचं भोक, कुठे सायलेन्सरपासून अंतर, सगळं पुठ्ठ्यावर ठरलं. माझ्या समाजशास्त्राच्या एम.ए.त सहभागी निरीक्षणावर अख्खं प्रकरण होतं. ग्रीस डोळ्यात गेल्यावर काय करायचं, ते त्यात नव्हतं.

प्लेट ४ मिलिमीटर जाडीची, साधारण ६० बाय ९० सेंटिमीटर. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो, म्हणजे ही एकटीच १७ किलोची. पूर्ण तळ झाकायचा मोह होतो, पण वजन वाढतं, उष्णता कोंडते, चिखल साठतो आणि गळणारं ऑइल दिसत नाही. म्हणून चेंबरखाली एक आणि गिअरबॉक्सखाली एक, एवढंच केलं. पुढची कड वर वाकवली, म्हणजे दगडावर गाडी अडकण्याऐवजी घसरत पुढे जाते. दोन्ही प्लेटा कवेलूंसारख्या एकमेकींवर. पुढच्या प्लेटची मागची कड खाली ठेवायची, उलटं केलं तर दगड नेमका सांध्यात घुसतो. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडवलेली, नाहीतर दगड ती सोलून काढतो आणि मग ती उघडतच नाहीत.

दोन्ही बाजूंना दाराखाली नळी बसवली, तिला स्लायडर म्हणतात. ही बॉडीला लावली तर बॉडीच फाटते, ती चासीलाच धरायला हवी. चासीभोवती पट्ट्यांचे क्लॅम्प आवळले, चासीला एकही भोक किंवा वेल्ड नाही. जागेवर टॅक मारताना बॅटरीची वायर काढली, पक्कं वेल्डिंग नळी बाहेर काढून केलं, मग रेड ऑक्साइड आणि रंग. मध्यावर जॅक लावून गाडी उचलली. वाकली नाही, तेव्हा पास.

काम संपत आलं तेव्हा भाऊ म्हणाले, "ताई, समोर गार्ड नाई लावत का? गाडी बोडकी दिसते ना!"

बोडकी. गाडीसुद्धा बाईच, आणि लोखंड नसलं की विधवा! भाऊंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शब्द कुठून येतात, ते आपल्याला माहीत आहे.

खालची प्लेट दगडाचा मार स्वतः खाते. समोरचं गार्ड मार पुढच्याला देतं. बॉनेटचा पत्रा माणूस आदळला तर थोडा तरी दबतो, नळी दबत नाही. ती लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीला असते. आतल्यांचाही फायदा नाही: गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का गिळण्यासाठी बनवलेला असतो, चासीला जोडलेलं गार्ड तोच धक्का थेट आत पोचवतं, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सरचं गणित बिघडवतं. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी अशी गार्डं लावतात. तिथल्या ओसाड रस्त्यांवर चालणारा माणूस क्वचित भेटतो. आपल्या रस्त्यांवर शाळेतली पोरं, मजूर, सायकलवाले चालतात. गाडी नसलेले कोण आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

"रात्री रोही आडवी आली तर?" हा प्रश्न मला हमखास येतो, आणि तो खोटा नाही. माझं उत्तर वेग कमी ठेवा हेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं, की अशी गार्डं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहेत. युरोपीय संघाने २००५ मध्येच त्यांच्यावर पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या लादल्या. कलम ५२ गाडीत मनाने बदल करण्याविरुद्ध आहे, त्यात तळ आणि तोंड असा भेद मला दिसला नाही. म्हणूनच आमचं सगळं बोल्टवर आहे, काढलं की गाडी होती तशी. स्लायडरही चाकांच्या रुंदीबाहेर येत नाही.

पावसाळा गेला. चेंबरखालच्या प्लेटवर तीन खोल ओरखडे आहेत, एक तर बोटभर लांब. दर महिन्याला ती उतरवून चिखल खरवडावा लागतो, नाहीतर गंज धरतो. आणि स्लायडरचा एक उपयोग आम्ही ठरवलेलाच नव्हता: जीप उंच, म्हाताऱ्या आणि पोटुशा बायांना चढताना त्रास व्हायचा, आता त्या नळीवर पाय देऊन चढतात. ओल्या पायाने घसरायला होतं म्हणून भाऊंनी उरलेल्या खरबरीत पत्र्याचा तुकडा डाव्या बाजूला वर जोडून दिला. उजव्या बाजूचा राहिलाय.