लिंबावरची फुलपाखरे आणि एक शेरा

आमच्या कर्जत तालुक्यात फुलपाखरांचे कौतुक फारसे कुणी करत नाही. ज्याची लिंबाची बाग आहे त्याच्या लेखी फुलपाखरू म्हणजे उद्याची अळी, आणि अळी म्हणजे खाल्लेली कोवळी पालवी. पाहुण्यांना दाखवावे असे आमच्याकडे रेहेकुरीचे अभयारण्य आहे, १९८० साली काळविटांसाठी राखलेले. आम्ही दोघेही मराठी शिकवणारे. किडे-पाखरांशी आमचा संबंध कवितेतला. तरीही प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांच्या आग्रहावरून आम्ही विभागाच्या खिडकीत एका बरणीत लिंबाच्या डहाळ्या ठेवल्या आणि त्यांवर चार अळ्या पाळल्या.

सुरुवातीला त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत. पुढे हिरव्या झाल्या. डिवचले की डोक्यामागून तांबडे शिंग काढीत आणि खोलीभर आंबूस वास सुटे. यथावकाश कोष झाले. पहिले फुलपाखरू निघाले ते काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेले. दुसरे निघाले तेही काळेच, पण त्याच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरे डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. जाती दोन असाव्यात, असे आम्ही धरून चाललो. सहकारी हसून म्हणाले, "सर, जात एकच. हा नर आणि ही मादी. इंग्रजीत याला कॉमन मॉर्मन म्हणतात. काही माद्या मात्र हुबेहूब नरासारख्याच दिसतात."

लाल चंद्रकोरींचे रहस्य असे. कॉमन रोझ नावाच्या फुलपाखराची अळी ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पती खाते आणि त्यांतले विष अंगात साठवते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आमच्या मॉर्मनची अळी लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढते. तिच्या अंगी तसले विष नाही. पण तिच्या काही माद्या कॉमन रोझचा वेश घेतात, काही क्रिमझन रोझचा, आणि काही कसलाच नाही. काळविटात झळाळता रंग नराच्या वाट्याला आला आहे. या फुलपाखरात सोंग फक्त मादीच्या वाट्याला.

हे सोंग वारशाने कसे उतरते, हा प्रश्न जुना आहे. फ्रायर यांनी सिलोनमध्ये या जातीची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून १९१३ मध्ये निष्कर्ष मांडले. १९७२ मध्ये क्लार्क आणि शेपर्ड यांनी दाखवले की एवढा गुंतागुंतीचा वेश गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून ठरतो. मग त्या एका जागी अनेक जनुके शेजारी-शेजारी चिकटून बसली असावीत, असा तर्क होता. २०१४ मध्ये उत्तर आले, आणि त्या निबंधाचे पहिले लेखक होते कृष्णमेघ कुंटे. मराठी वाचक त्यांना 'एका रानवेड्याची शोधयात्रा'मुळे ओळखतात. त्यांना आणि शिकागोच्या क्रॉनफोर्स्ट यांच्या गटाला तिथे जनुकांचा जमाव आढळला नाही. सारा वेश सांभाळणारे एकच जनुक निघाले, 'डबलसेक्स'. कीटकाच्या शरीरात नर-मादीपणाचे फरक घडवणारे हे मूळचेच जनुक.

आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर एकाच ओळीचे हे पाठभेद आहेत. प्रत्येक फुलपाखराकडे पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. पुढच्या पिढीसाठी नक्कल उतरवताना दोहोंतल्या ओळी एकमेकींत मिसळतात. वेशधारी पाठात मात्र एवढा तुकडा उलटा बांधला गेला आहे. दुसऱ्या प्रतीशी तो जुळत नाही, म्हणून त्यातल्या ओळी सरमिसळ न होता एकत्रच पुढे जातात. हा पाठ नराकडेही असतो, पण त्याच्या पंखांवर उमटत नाही. तो साध्या काळ्या पंखांनी जगतो आणि आपल्या आईचा वेश आपल्या मुलीच्या हाती देतो. मुलीला त्याची एक प्रत मिळाली तरी पुरते.

हे ऐकताना आम्हा दोघांनाही एकाच वेळी एक वही आठवली.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने कवितांची वही दाखवली होती. तालुक्यातल्याच एका वाडीवरची, लिंबाची बाग असलेल्या घरातली मुलगी. कवितांची चाल सरळसरळ जात्यावरच्या ओवीची होती. शेरा आम्ही दोघांनी मिळून लिहिला : "अनुकरण आहे. स्वतःचे लिहा." वही परत घेताना ती म्हणाली, "माझी आजी माझ्या जन्माआधीच गेली, सर. तिच्या ओव्या अण्णांना पाठ आहेत. बायकांचे गाणे म्हणून ते कधी म्हणत नाहीत. मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी नुसत्या बोलून दाखवल्या." आम्ही मान डोलावली आणि पुढच्या तासाला गेलो. त्यानंतर तिने वही आणली नाही.

ओवी रक्तातून उतरत नाही, हे आम्हांला कळते. ती ऐकावी लागते, कुणीतरी जपावी लागते; जनुकाला ना स्मरण असते, ना संकोच. तेव्हा ही तुलना ताणू नये. पण एवढे खरे की अनुकरण हा शब्द आम्ही फार स्वस्तात वापरला. सोंग घेतलेल्या मादीने कॉमन रोझकडे पाहून रंग शिकलेला नसतो. ज्या माद्यांना पक्ष्यांनी चुकून सोडले, त्यांच्या वंशात तो पाठ टिकत गेला. तिच्यापुरता तो रंग तिचा स्वतःचाच असतो. आमच्या विद्यार्थिनीने तर ती चाल मागे लागून मिळवली होती. न गाणाऱ्या एका माणसाने ती राखली नसती तर आजीबरोबरच संपली असती. याची विचारपूस करणे हेच आमचे काम होते, आणि आम्ही शेरा मारून मोकळे झालो.

मागल्या दिवाळीत ती बाजारतळावर भेटली, कडेवर मूल होते. आम्ही वहीचे विचारले. "आहे की सर," ती म्हणाली, "पण पुढची पाने कोरीच आहेत." शेरा चुकला होता, एवढेच आम्हांला सांगता आले. ती काही बोलली नाही. मूल रडू लागले म्हणून निघाली.

हल्ली कुणाच्या वहीत ओळखीची चाल दिसली की आम्ही लाल पेन बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो : हे तुझ्यापर्यंत कुणी आणून पोचवले?