दिसत नाही, पण कोणाला?

अंबाजोगाईच्या मोंढ्यात काही आडत दुकानांचा हिशेब अजून विंडोज एक्सपीवर चालतो. सॉफ्टवेअर जुनं, पट्टी छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याहून जुना. दोघांचं नव्या विंडोजशी जमत नाही, म्हणून शेठ एक्सपीच मागतात.

एक्सपी टाकायला घेतली की कधी सेटअपला हार्डडिस्कच सापडत नाही, कधी ७बी कोडचा निळा पडदा येतो. ‘डिस्क गेली का हो?’ शेठ विचारतात. नवी डिस्क खपवायला याहून सोयीची वेळ नाही. मी आधी बायोस उघडतो. तिथे डिस्कचं मॉडेल आणि क्षमता दिसत असेल, तर बोर्डाला ती दिसते आहे. दिसत नाही ती एक्सपीला. एक्सपी आली २००१ साली, साटा डिस्क चालवण्याची एएचसीआय पद्धत २००४ची. तिचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नसतो. बायोसमध्ये साटा मोड आयडीई केला की बहुतेकदा तीच डिस्क समोर येते.

बायोसलाही दिसली नाही, तरच स्क्रूड्रायव्हर हातात. साटा केबल बदलायची, पॉवरची पिन घट्ट बसवायची, दुसऱ्या पोर्टवर लावून बघायचं. धान्याच्या धुळीत कनेक्टर फार लवकर खराब होतात.

लोडशेडिंगनंतर ‘डिस्क पुन्हा गेली’ असा फोन आला, तर मी घड्याळाची तारीख विचारतो. कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. वीज गेली की बायोस सगळं विसरतो, साटा मोड परत एएचसीआय होतो आणि तोच निळा पडदा. तीन व्होल्टच्या सेलपायी धडधाकट डिस्क बदललेली मी पाहिली आहे.

लिनक्स टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर वायफायचं असंच होतं. बाहेरच्या स्टिकरवरून काही कळत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं असतात. चिपचा स्वतःचा क्रमांक विचारावा लागतो: १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. मग मोबाइलचं इंटरनेट यूएसबीने जोडून नेमकं फर्मवेअर उतरवायचं.

एक्सपीचं मात्र इंटरनेट मी तोडूनच देतो. तिचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४मध्ये थांबले. आणि कॅबिनेटच्या आत चिठ्ठी चिकटवतो: साटा मोड आयडीई, सेल बदलल्याची तारीख. पुढचा दुरुस्तीवाला कोणीही असो, त्याने डिस्क बदलण्याआधी एवढं वाचावं.