कोणता पाय, कधीपासून, कशामुळे

मंडळाच्या कार्यक्रमात ‘मी मेडिकल कोडर आहे’ असं सांगितलं की दोनच प्रश्न येतात. ‘म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये का?’ आणि ‘म्हणजे डॉक्टर का?’ दोन्ही नाही. हैदराबादेत हे काम करणारी हजारो मुलं-मुली आहेत, त्यांतली काही आपल्याच घरांतली. तरी घरच्यांना ते नीट समजावता येत नाही. म्हणून गाऊट या एकाच आजाराच्या आधाराने सांगते. तो माझ्या कॉम्प्युटरवरही रोज येतो आणि आमच्या घरातही आला.

अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो, टिपण लिहितो. ते टिपण आमच्याकडे येतं. आम्ही ते वाचून प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावतो. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडसूची चालते. विम्याचे पैसे याच कोडवर ठरतात, आणि रोगांची आकडेवारीही त्यावरूनच निघते.

गाऊटमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साठतात. बहुतेकदा पायाचा अंगठा रातोरात सुजतो, लाल होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. डॉक्टरांनी नुसतं ‘गाऊट’ लिहिलं तर कोड लागतो एम१०.९, म्हणजे ‘तपशील नाही’. ‘डाव्या पावलाचा, कारण अज्ञात’ असं लिहिलं तर एम१०.०७२. तोच जुनाट असेल तर सूचीतला गटच बदलतो, एम१ए. औषधामुळे झाला असेल, मूत्रपिंडाच्या बिघाडामुळे झाला असेल, तर आकडे पुन्हा वेगळे. एम१ए गटात कोडचं शेवटचं अक्षर फक्त एवढंच सांगतं, की स्फटिकांची गाठ, म्हणजे टोफस, आहे की नाही.

आणि इथे आमचा सगळ्यात कडक नियम येतो: अंदाज करायचा नाही. रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ९ दिसलं, तरी डॉक्टरांनी निदान लिहिलेलं नसेल तर मी कोड लावू शकत नाही. पेशंट लघवी वाढवणारी गोळी घेतोय, त्यानेच गाऊट झाला असेल, असं मला कितीही वाटलं तरी नाही. मी डॉक्टरांना क्वेरी पाठवते. तीही उत्तर सुचवणारी चालत नाही. कारण काय, हे विचारायचं, पर्याय द्यायचे, आणि ‘सांगता येत नाही’ हाही एक पर्याय ठेवायचा.

नोकरी लागल्यावर वर्षभर मला हा नियम कागदी वाटायचा. माझ्या मामांमुळे तो अर्थपूर्ण वाटू लागला.

मामा काचीगुड्यात राहतात, वय सदुसष्ट. दोन वर्षांत तीनदा त्यांचा अंगठा सुजला. दर वेळी जो दवाखाना उघडा मिळाला तिथे गेले. एका कागदावर ‘आर्थ्रायटिस’, दुसऱ्यावर ‘जॉइंट पेन’, तिसऱ्यावर जंतुसंसर्ग आणि प्रश्नचिन्ह. कोणता पाय, हे एकावरही नाही. दर वेळी पेनकिलर. एकदा युरिक ॲसिड तपासलं ते ६.४ आलं, म्हणून ‘नॉर्मल आहे’ म्हणून तो विषय मिटला. ऐन दुखण्यात हा आकडा नॉर्मल येऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून मामांनी वरण मात्र सोडलं होतं.

‘अगं, वयोमानाने दुखतंच,’ मामा म्हणायचे. मामी म्हणाल्या, ‘तुझं रोजचं कामच आहे ना हे? मग जरा यांची फाईल बघ.’

चौथ्यांदा अंगठा सुजला तेव्हा मी ती पिशवी जमिनीवर ओतली आणि एका पानावर तारखेनुसार लिहून काढलं. सूज कधी आली, कोणता पाय, किती दिवस राहिली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, रिपोर्टचे आकडे काय. चारही वेळा डावाच अंगठा. पहिल्या झटक्याच्या चार महिने आधी ब्लड प्रेशरची गोळी बदललेली. नव्या गोळीच्या नावामागे ‘एच’ लागलेला, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. क्रिएटिनिन १.१ वरून १.६ वर गेलेलं. त्याखाली निष्कर्ष असा मी एक शब्दही लिहिला नाही. निदान करणं माझं काम नाही.

ते पान घेऊन आम्ही सांधेविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, अंगठ्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं. स्फटिक सापडले. मग ब्लड प्रेशरची गोळी बदलली. ‘मूत्रपिंडावर ताण आहे, मनाने पेनकिलर घ्यायची नाही,’ असं बजावलं. ॲलोप्युरिनॉल अगदी कमी डोसने सुरू केलं आणि युरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं ठरलं. सुरुवातीला पुन्हा झटका आला तरी गोळी थांबवू नका, हेही लिहून दिलं. पालेभाजी आणि डाळीची भीती नको, बिअर आणि मटण-कलेजी आवरा, असं म्हणाले. मामींनी त्याच दिवशी वरणाचा कुकर लावला.

मूत्रपिंडाचं गेलेलं बळ सगळं परत येईल असं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आधीच्या तीन कागदांपैकी एकावर जरी ‘डावा अंगठा, दुसऱ्यांदा’ एवढे तीन शब्द असते, तर पुढच्या डॉक्टरने पेनकिलर लिहिण्याआधी विचार केला असता, असं मला वाटतं.

तुमच्याही घरी अशी पिशवी असेल. एखाद्या रविवारी आईबाबांजवळ, आजीआजोबांजवळ बसा आणि एक पान तयार करा: तारीख, कोणता अवयव, कोणती बाजू, किती दिवस, चालू गोळ्यांची पूर्ण नावं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रिपोर्टचे आकडे. आपला अंदाज त्यात घालू नका. दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘निदान पूर्ण लिहून द्याल का?’ बहुतेक डॉक्टर देतात. आणि गोळीचं नाव लिहिताना त्यामागचं ते एकटं अक्षर गाळू नका.