दोन चुली, एक घर

रविवारी संध्याकाळी पेठ नाक्यावर उभं राहिलं की इस्लामपूरचा जमाखर्च समोर मांडलेला दिसतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत पोरं-पोरी थांबलेली असतात. पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि पायाशी पोती, पिशव्या, डबे. ज्वारीचं पीठ, ढेपेतला फोडून घेतलेला गूळ, वर्षाच्या चटणीतली बरणीभर चटणी, शेंगदाण्याचा कूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कृष्णाकाठची वांगी. एखाद्या पिशवीत गोठवून टॉवेलात बांधलेली दुधाची बाटली. सोडायला आलेला बाप गाडीच्या डिकीत पोतं नीट आडवं बसलंय का ते स्वतः वाकून बघतो. "पोचल्यावर फोन कर," म्हणतो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हलत नाही.

शासनाने 2025 मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर केलं. कागदावर ते रुळतंय, पण या नाक्यावर अजून "इस्लामपूरला चला" असंच ऐकू येतं आणि मीही इथं तेच नाव लिहितो. मला लिहायचंय ते इथं राहणं आणि पुण्यात राहणं यातल्या फरकाबद्दल. किती पैसे लागतात, त्या पैशात काय मिळतं आणि कोणाच्या जिवावर मिळतं.

जगातली कुठली शहरं महाग, याच्या याद्या दरवर्षी निघतात. मर्सर या संस्थेच्या 2024 च्या यादीत हाँगकाँग पहिलं, सिंगापूर दुसरं आणि आपलं पुणं पार खाली, 205 व्या क्रमांकावर होतं. ही यादी न्यूयॉर्कचा खर्च पायाला धरून केलेली असते आणि परदेशी नेमणुकीवर पाठवायच्या माणसांसाठी असते. इस्लामपूर अशा कुठल्याच यादीत नसतं. पण ज्याचा बाप वाळवा तालुक्यात ऊस करतो त्याच्यासाठी हाँगकाँग-सिंगापूर हे नकाशावरचे ठिपके आहेत. त्याला जगातलं महाग शहर विचारलंत तर तो पुण्याचंच नाव सांगेल.

महाग म्हणजे किती, ते शेतकऱ्याच्या मापात सांगतो. हिंजवडी-वाकडच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट महिना तीस हजारांनी घेतला असं धरू. वर्षाचे तीन लाख साठ हजार झाले. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त भाव 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये आहे. आपल्याकडचा उतारा त्याहून वरचा असतो, पण तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. उदार हाताने टनाला साडेतीन हजार हाती पडले आणि एकरी पन्नास टन ऊस निघाला असं धरलं, तरी एकराचे पावणेदोन लाख होतात. म्हणजे पोराचं वर्षाचं भाडं फेडायला दोन एकरांतला सगळा ऊस लागला. त्यात बियाणं, खत, पाणीपट्टी, भांगलणीची मजुरी यातलं काहीच अजून वजा केलेलं नाही. शिवाय आडसाली लागण असेल तर तो ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा असतो. घरमालकाचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला उभं असतं. बाप एवढा हिशेब मनात करतो आणि तोंडाने फक्त म्हणतो, "एवढ्यात हितं वाडा मिळंल." मिळेलही. पण त्या वाड्यात बसून पोराला पुण्याचा पगार मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

इस्लामपुरात स्वस्त काय, ते सांगायला फार वेळ लागत नाही. घर आपलं असतं किंवा भाडं पुण्याच्या मानाने किरकोळ असतं. यल्लमा चौकातून गांधी चौकात जायला पेट्रोलचा विचार करावा लागत नाही. भाजी रानातली, दूध गोठ्यातलं किंवा शेजारचं. मुलाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. मोठं दुखणं निघालं तर मिरज जवळ आहे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथं दवाखाना उभा केला तेव्हापासून दोन-चार जिल्ह्यांची माणसं उपचारासाठी मिरजेची वाट धरतात. आणि पाणी. पुण्याच्या पश्चिमेला लाखोंचे फ्लॅट घेतलेल्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरची वर्गणी काढतात आणि इथं बहे-बोरगावाजवळून कृष्णा वाहते, कऱ्हाडला कोयनेचं पाणी पोटात घेऊन आलेली.

पण या स्वस्ताईची दुसरी बाजू त्याच पाण्यात आहे. पाटाचं, उपशाचं पाणी मुबलक मिळालं, उसामागं ऊस घेतला गेला आणि कृष्णाकाठची किती तरी रानं क्षारपड झाली. एके काळी आडवातिडवा ऊस येणाऱ्या जमिनीवर पांढरा थर धरलेला मी पाहिलाय. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून पाण्याचा निचरा करायचा, मग दोन-तीन वर्षांत ती हळूहळू माघारी येते. तो खर्च एकराला मोठा आणि एकट्याने करून उपयोग नाही, शेजारच्यानेही चर काढायला हवा. गूळ-साखरेचा जो पैसा गेली साठ वर्षं या गावात फिरला, त्याची थोडी किंमत मातीने भरली आहे. स्वस्त गाव म्हणताना हे कोणी धरत नाही.

मला खटकतं ते याच जागी. दोन शहरांचे खर्च शेजारी-शेजारी लिहिताना आपण ती दोन वेगळी खाती समजतो. इस्लामपूर आणि पुणं वेगळी खाती नाहीत. पेठ नाक्यावरच्या त्या पोत्यातल्या पिठाला, चटणीला, वांग्याला दर लावला असता तर पुण्यातल्या पोराचं महिन्याचं गणित बिघडलं असतं. उलट इस्लामपुरात घरावर जो दुसरा मजला चढलाय, दारात जी गाडी आलीय, आईच्या डोळ्याचं जे ऑपरेशन झालंय, ते पुण्याच्या पगारावर. घर एकच, चुली दोन. एका चुलीवरचं खाणं दुसरीवर जातं आणि पैसा उलट्या वाटेने येतो.

ही रीत नवी नाही. आमच्या आज्यांच्या काळात पुण्याच्या जागी मुंबई होती. वाळवा-शिराळ्याकडची माणसं गिरणीत आणि गोदीत गेली, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपली आणि गावाकडे मनीऑर्डर धाडत राहिली. फरक एका गोष्टीचा होता. गिरणगावात जेवण खानावळीत मिळायचं. घाटावरची, कोकणातली बाई ते रांधायची आणि महिन्याचे पैसे घ्यायची. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खानावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे भाकरी थापणं हे काम आहे, त्याला दर आहे, हे मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालं होतं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं गावी परतली. इस्लामपूरच्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईचा हिशेब मात्र अजून कोणी मांडलेला नाही.

आता तीच बाई पुण्यालाही जाते. नातवंड झालं की सून-मुलगा दोघंही कामावर, पाळणाघराचे पैसे डोळ्यांत भरणारे, आणि परक्याच्या हाती बाळ द्यायला मन होत नाही. मग फोन येतो, "आई, थोडे दिवस ये." 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच मोफत झालं होतं. त्यामुळे जाणं सोपं झालं. थोडे दिवस म्हणता म्हणता बाळ बालवाडीत जातं. आजी आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बाळाबरोबर असते. लिफ्ट वापरायला शिकते, शेजारची बाई कोणत्या भाषेत बोलते ते तिला कळत नाही, खाली बाकावर आपल्यासारख्या चार बायका भेटल्या तरच तिचा दिवस बरा जातो. आणि आजोबा इस्लामपुरात. शेत सोडून येता येत नाही, जनावरं आहेत, उसाला पाणी धरायचंय. सकाळी ते एक भाकरी कशीबशी करतात किंवा भावकीतली कोणी सून डबा देते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेली दोन माणसं, ज्या वयात एकमेकांची खरी गरज लागते त्या वयात, दोनशेच्या आत-बाहेर किलोमीटरवर वेगवेगळी जेवतात. मला माहीत असलेल्या कितीतरी घरांत हे चाललंय. त्यांच्याशी बोललं की तक्रार ऐकू येत नाही. "पोरांचं चांगलं चाललंय," एवढंच. राहणीमानाच्या कुठल्या रकान्यात हे लिहायचं?

पुण्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. एक गोष्ट पुणं देतं आणि इस्लामपूर देत नाही, ती मी बायकांच्या तोंडूनच ऐकलीय. रात्री दहाला ऑफिसातून परतताना तिकडं कोणी "कुठनं आलीस?" विचारत नाही. काय घातलं, कोणाबरोबर चहा प्यायली, मूल अजून का नाही, यावर कट्ट्यावर चर्चा होत नाही. 2020 साली टाळेबंदीत पोरं लॅपटॉप घेऊन माघारी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जमलं: पगार पुण्याचा, खर्च इस्लामपूरचा. मुलांचं जमलंही. सुनांना विचारा. एका कानात मीटिंग, समोर दहा माणसांचा स्वयंपाक, आणि सासऱ्यांचे पाहुणे आले की कॅमेरा बंद करून चहा. ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा त्यातल्या कित्येकींनी सुटकेचा श्वास सोडला. ज्या गावात माणूस माणसाची चौकशी करतो तिथं आजारात एकटं पडायची वेळ येत नाही, हे खरं. पण त्या चौकशीचा भार बाईवरच जास्त पडतो, हेही तितकंच खरं, आणि गावावर माझं प्रेम आहे म्हणून मी ते झाकणार नाही.

रस्ता सुधारला, वाहनं वाढली, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे तीन टोल ओलांडून पोरं शनिवारी येतात, रविवारी जातात. 2025 च्या ऑगस्टपासून तीन हजारांचा वार्षिक पासही निघालाय. पण जाणं-येणं स्वस्त होणं हे उत्तर नव्हे. राजारामनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज 1983 पासून उभं आहे. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, बँका, एमआयडीसी, सगळं या परिसरात आहे. मागच्या पिढीने माळावर एवढं उभं केलं, तेही शेतकऱ्यांच्या शेअरच्या पैशांतून. तरी दरवर्षी शिकून बाहेर पडलेली पोरं पेठ नाक्यावर गाडीची वाट बघत उभी राहतात, कारण त्यांच्या शिक्षणाला साजेसं काम इथं फार थोडं आहे. ज्यांच्या हाती या तालुक्याचे कारखाने, संस्था आणि मतं आहेत, त्यांनी येत्या दहा वर्षांत उसाच्या दरावर जेवढा वाद घालायचाय तेवढा घालावा, पण या कामाच्या प्रश्नावरही तेवढ्याच जोराने भांडावं.

आणि पुण्यातल्या पोरा-पोरींनो, ते होईपर्यंत तुम्ही एक करा. पाळणाघराला जेवढे पैसे द्यावे लागले असते तेवढे दर महिन्याला आईच्या किंवा सासूबाईंच्या खात्यावर टाका. घरखर्चाला म्हणून नको, त्यांचे स्वतःचे म्हणून टाका. आणि वर्षातले दोन महिने तरी सुट्टी वाटून घ्या, बाळाला तुम्ही सांभाळा, आणि त्यांना इस्लामपूरला, आजोबांकडे, पाठवा.