मायचं किती, लेकराचं किती

तान्ह्या बाळाचं रक्त घेताना हात आखडतोच. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास. त्यातलं आमच्या वाट्याला येतं एक-दोन मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या नमुन्यावर दहा चाचण्या सहज होतात, इथे दोन-तीन झाल्या तरी खूप. त्यामुळे बाळांवर काम करणारा इम्युनॉलॉजिस्ट सुई टोचण्याआधी प्रश्न पक्का करायला शिकतो.

आमचं घर मुदखेडचं, फुलशेतीतलं. काकडा, मोगरा पहाटे खुडायचा आणि ऊन चढायच्या आत बाजाराच्या गाडीवर घालायचा, हा घरचा शिरस्ता. जिवंत पेशींचंही तेच. काही तासांत त्या वेगळ्या करून गोठवायला हव्यात. उशीर झाला की नळीत रक्त उरतं, पण उत्तर देणाऱ्या पेशी उरत नाहीत.

एवढं करून हाती आलेल्या थेंबांत बाळाचं काय आणि आईचं काय, हा खरा पेच. मुदखेडकडच्या एका बाळंतिणीने मला विचारलं होतं, "म्याडम, लेकराचं रक्त घेतलं ते ठीक, पण माझं कामून घ्यायलाव?" मी म्हटलं, "तुमचं मोजल्याशिवाय लेकराचं कळतच नाही, म्हणून."

आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, बहुतेक सगळी शेवटच्या तीन महिन्यांत. नवजात बाळाच्या रक्तात गोवराची प्रतिपिंडं दिसली म्हणून त्याला गोवर होऊन गेला असं नव्हे, ती मायची. दर काही आठवड्यांनी ती निम्मी होत जातात. आयजीएम आणि आयजीए मात्र वार ओलांडत नाहीत. बाळाच्या रक्तात ती असली तर त्यानेच तयार केलेली. म्हणून रोटाव्हायरसची तोंडावाटे दिलेली लस लागू पडली का, हे आम्ही रक्तातल्या आयजीएवरून ठरवतो. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची प्रतिपिंड-चाचणी दीड वर्षापर्यंत फसवी ठरू शकते, कारण तीही आईचाच वाटा दाखवते. तिथे सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेले थेंब कागदी कार्डावर वाळवून थेट विषाणूचे जनुक शोधावे लागतात.

'बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते' हे वाक्य मला पटेनासं झालं ते या कामातच. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दाखवलं, की आईच्या पेशी गर्भाच्या लसिकाग्रंथींत जाऊन राहतात आणि गर्भ त्यांच्यावर हल्ला न करणाऱ्या, उलट हल्ला रोखणाऱ्या पेशी घडवतो. ही कमजोरी नव्हे, आवरलेला हात आहे. जन्मताच आतड्यात असंख्य जिवाणू वस्तीला येणार. त्या प्रत्येकाशी भांडत बसलं तर बाळ जगायचं कसं?

नवजात बाळात शिरलेला विषाणू दर वेळी आजारच देतो असं नाही, कधी तो आपल्या उपयोगीही पडतो. 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस सापडला, पण बाळं आजारी नव्हती. पुढे याच बाळांना रोटाव्हायरसच्या जुलाबांचा त्रास कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाने तो 116ई वाण लशीसाठी निवडला. माणसाच्या या विषाणूत एक जनुक गाईच्या विषाणूचा आहे. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूत चाचण्या झाल्या. पहिल्या वर्षातल्या गंभीर आजारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळालं. 2016 मध्ये लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस 2019 मध्ये सुरू झाली. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लशी याहून बऱ्याच जास्त लागू पडतात. आपल्याकडे आईकडून आलेली प्रतिपिंडं जास्त असली की लशीला प्रतिसाद कमी मिळतो, हे त्याचं एक कारण. मग लशीच्या वेळी अंगावर पाजणं थोडं थांबवावं का? दिल्लीत तेही करून पाहिलं. फरक पडला नाही. तेव्हा आयांनी निर्धास्त पाजावं.

गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात, त्याआधी आईची प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच निकामी करतात म्हणून. पण तो हिशेब ज्या आयांवरून मांडला, त्यांना लहानपणी खरा गोवर होऊन गेला होता. आजच्या आया लस घेऊन वाढलेल्या आहेत. त्यांच्याकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडं कमी असतात आणि लवकर संपतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला, तेव्हा जिथे नऊ महिन्यांच्या आतली बाळंही मोठ्या प्रमाणात आजारी पडत होती तिथे सहाव्या महिन्यापासून एक जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली.

लसीकरणाच्या कार्डावरचे गोवरासारख्या लशींचे महिने ठरवताना त्या-त्या पिढीच्या आयांची प्रतिपिंडंही हिशेबात धरलेली असतात. आया बदलल्या की मोजणीही नव्याने करावी लागते. म्हणून लेकराच्या नळीशेजारी मायची नळी हवीच.