पंढरीची तयारी

शेजारच्या काकूंचे वय झाले, मुलगा परदेशी. "मला एकदा पंढरपूर दाखवाल का?" असे त्यांनी आम्हालाच विचारले आणि आम्ही नवरा-बायको तयारीला लागलो.

सोलापूरहून पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटर. आषाढी-कार्तिकीची गर्दी काकूंना झेपली नसती, म्हणून साधा दिवस धरला. पदस्पर्शाची रांग लांब, मुखदर्शनाची त्यामानाने लवकर सरते. गुडघ्यांचा विचार करून मुखदर्शन ठरले. त्यांच्या गोळ्या आणि आमची जानमाज एकाच पिशवीत गेली.

यादीत न लिहिलेला प्रश्न एकच होता : नाव सांगितल्यावर लॉजवर खोली मिळेल का? भाड्याचे घर शोधताना आमचे नाव ऐकताच 'आत्ताच गेले' हे उत्तर आम्ही ऐकलेले. काकू म्हणाल्या, "खोली माझ्या नावावर घेऊ." आम्ही गप्प झालो. मग त्याच म्हणाल्या, "नको. पंढरीला लपूनछपून कशाला जायचे?"

आम्ही आमचेच आधार कार्ड पुढे केले. मालकाने इतकेच विचारले, "आजींना खालची खोली देऊ ना?"

रांगेत एका माळकरी बाईंनी काकूंचा हात धरला. आम्ही नामदेव पायरीसमोर, चोखोबांच्या समाधीपाशी थांबलो. चोखोबांना हयातीत आत जाता आले नाही. हे दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्यापुढे आमची खोलीची चिंता लहान वाटली; खोटी मात्र वाटली नाही.