रक्त कमी हाये

९ जानेवारी
मातृत्व अभियानाची तपासणी. एक गरोदर बाई, पाचव्या महिन्यात. हिमोग्लोबिन ८.४. किमान ११ हवं, म्हटलं. हसली. "घरात सगळ्याइचंच कमी हाये, ताई."

१० जानेवारी
खरंच आहे की. २०१९-२१ ची राष्ट्रीय पाहणी: देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बाया रक्तक्षयी.

१३ जानेवारी
मिरची सातऱ्यावर गेले. तोंडाला फडकी बांधून बाया देठं खुडतात. मजुरी किलोवर, म्हणून कुणी उठत नाही. ती तिथंच. चक्कर? "पोटुशीले येतेच." धाप? "मिरचीनं लागते." रक्ताचं नाव नाही.

१९ जानेवारी
तिच्या घरी. लाल गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यामागे, एकही न फोडलेलं. "मयमयते. संडास काळी होते. लेकरू काळं झालं तं?" अंगात न मुरलेलं लोह बाहेर पडतं, लेकराच्या रंगाशी संबंध नाही, सांगितलं. सासूबाईंचं वेगळंच. "लेकरू मोठं झालं का पोट चिरा लागते." ही भीती खोटी नाही. सिझर झालं की महिनोन्महिने मजुरी बुडते. नुसतं 'गोळी घ्या' म्हणून भागत नाही.

२४ जानेवारी
शेजारची सातव्या महिन्याची रोज बीट खाते. लाल ते रक्त, असा हिशेब. खाऊ दे. पण बिटानं ८ चे ११ होत नाहीत.

२८ जानेवारी
तिनं गोळी सुरू केली. चहासोबत! चहानं लोह अंगी लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर, लिंबूपाण्यासोबत घे. कॅल्शियमची सकाळी.

३ फेब्रुवारी
सासूबाईंनी स्वतः विचारलं, पोटुशीचं रक्त पातळ कसं होते? पाणी जास्त वाढतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हटलं. "वरनात पानी टाकल्यावानी?" हो. मग बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताचं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माही जाऊ बाळंतपणातच गेली. तिचे हात असेच पांढरे पडले होते."

४ फेब्रुवारी
गोळी आता सासूबाई हातावर देतात.

९ मार्च
८.६. एकही गोळी चुकली नाही, सासूबाई शपथेवर सांगतात. महिन्यात १ तरी वाढायला हवं होतं. कार्डावर सिकलसेलची चौकट कोरी. विदर्भात ही चौकट कोरी राहते कशी? डॉक्टरांनी लगेच चाचणी केली. पॉझिटिव्ह. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिसनंतर कळेल.
"मंग माह्यं खरं होतं न, गोळीनं काही होत नाही?"
नाही गं. कारणं दोन असू शकतात, लोहाची कमी आणि सिकलसेल. पटलं की नाही, कळलं नाही.

११ मार्च
लेकरासाठी नवऱ्याचीही तपासणी हवी. "मले काय झालं?" त्यानं परतवून लावलं.

१४ मार्च
आला. सासूबाईंनी आणला. मुकाट्यानं बोट पुढे केलं. तिनं विचारलं, "रक्त चढवा लागन का?" ते डॉक्टर ठरवतील. नमुना नागपूरला जाईल. सातरा बंद, म्हणतात सासूबाई. तिची मजुरी कुठून भरून काढायची, यावर कुणीच बोललं नाही.